बाजरीवर आलेला आळ

साळवे सिस्टरांचं नाव आधी लिहिते, म्हणजे पुढे माझ्या तक्रारींच्या भरात ते राहून जायला नको. वत्सला साळवे. नगरजवळच्या भिंगारच्या छावणी भागात एका दवाखान्यात नर्स होत्या, राहायला बाजारामागच्या गल्लीत. माझी त्यांची नात्याची, गावाची, जातीची कसलीच ओळख नव्हती. त्या भेटल्या नसत्या तर हे लिहायला मी उरले असते की नाही, शंकाच आहे. माझं शिक्षण आठवीपर्यंत. वही उघडली की अजून भीती वाटते, काहीतरी चुकेल, कुणीतरी दुखावेल. पण त्या बाईंविषयी न लिहिणं ही त्याहून मोठी चूक होईल, म्हणून लिहिते.

ताईचं लग्न भिंगारला झालं होतं. दाजी लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन मेकॅनिक. ताई बाळंत झाली तेव्हा तिच्या सोबतीला म्हणून मी मालवणाकडून आले आणि तिथेच राहिले, कारण बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात मला काम मिळालं. जवानांच्या गणवेशांना काजं-बटणं करायची, खांद्यावरच्या पट्ट्या शिवायच्या. माझा हात बारीक कामाला चांगला होता आणि तेवढीच एक गोष्ट मला येते असं मला वाटायचं. घर दोन खोल्यांचं. पहाटे छावणीतला बिगुल वाजायचा, त्यावर आत्याबाई उठायच्या. आत्याबाई म्हणजे ताईच्या सासूबाई. ताई त्यांना आत्याबाई म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. त्या उठल्या की आधी स्टोव्हचा पंप, मग परातीवर भाकरीची थापथाप. ती थाप इतकी एकसारखी पडायची की झोपेतही मोजावी. नळाला पाणी आलं की गल्लीभर बादल्यांचा खडखडाट, आणि चाळीच्या टोकाला दोन सामायिक संडास, त्यांच्यापुढे हातात डबे घेऊन उभी असलेली रांग. या रांगेचं मी पुढे बरंच सांगू शकते, पण सांगणार नाही. एवढंच सांगते की पुढच्या दीड वर्षात भिंगारच्या इतर कुठल्याही जागेपेक्षा मला ती रांग जास्त ओळखीची झाली.

मी आल्यानंतरच्या आठवड्यातच भाच्याचं बारसं झालं. पुऱ्या, गव्हाची खीर, आणि घरच्यांसाठी रोजची बाजरीची भाकरी, वर शेंगदाण्याची झणझणीत चटणी. मी सगळंच खाल्लं. आमच्याकडे भात, पेज, मासे, कधी नाचणीची भाकरी. गहू आमच्या घरात सणालाच दिसायचा, तोही सगळ्याच सणांना नाही. दुसऱ्या दिवशी माझं पोट फुगलं, आणि मग सुरूच झालं. घरात बैठक बसली. आत्याबाईंनी निकाल दिला, "बाजरी लई उष्ण. भात खानारी पोर ती, तिला कशी झेपंल? आजपासनं हिला चपाती करायची." शेजारच्या बायकांनी माना हलवल्या. बाजरी जड, गहू हलका. हे त्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, ते सगळ्यांना जन्मतःच माहीत होतं. चपाती पाहुण्यांना, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. घरातली सगळी माणसं भाकरी खायची आणि माझ्या एकटीच्या ताटात तूप लावलेल्या मऊसूत दोन चपात्या. मला लाज वाटायची. ताईच्या सासरी मी आयतं खाते आणि वर गहू खाते! म्हणून मी एक घासही टाकत नसे.

पुढचं दीड वर्ष मी सांगायला लागले की माझी सून म्हणते, आई, पुरे. पण आजही माझा राग जात नाही. पोटात सतत गुडगुड, ढेकर, कळा. दिवसात चार-पाच वेळा पळायचं. कधी रात्री मध्येच पोटातल्या कळेनं जाग यायची. तोंडात फोड, ओठांच्या कडा चिरलेल्या. झंपर आत घालून घालून शिवावा लागायचा. दुसऱ्यांचे गणवेश शिवणारी मी, माझ्याच कपड्यांत हरवायला लागले. पाळी बंद झाली तेव्हा ताईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी तिला अजून माफ केलेली नाही, आणि आमची माया त्यानं काही कमीही झालेली नाही. औषधं सांगायला तर अख्खी गल्ली तयार. एकीनं दृष्ट काढली, एकीनं जंतांचं औषध आणून दिलं, दाजींच्या मित्राची आई म्हणाली हिची बेंबी सरकलीय. एकानं ओवा, एकानं बिब्बा. आणि ज्या दिवशी मी फारच गळून जाई त्या दिवशी सगळ्यांचं एकमत: आज जड काही नको, दुधात टोस्ट दे, रव्याची पेज दे, बिस्किटं दे. म्हणजे मी जितकी आजारी, तितका माझ्या पोटात गहू जास्त. आता आठवून डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. पण दोष कुणाला देऊ? सगळे मायेनंच करत होते. मायेनं दिलेलं नाकारता येत नाही, हीच तर पंचाईत.

त्यात मे महिन्यात मी गावी गेले. आये दारातच म्हणाली, "काय गो ह्या! किती बारीक झालंस!" आणि पेज पुढे ठेवली. तीन आठवड्यांत मी माणसात आले. भूक लागायला लागली, तोंडातले फोड गेले. भिंगारला परतले आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. झालं, सगळ्यांना कोडं सुटलं. पोरीला घरची ओढ आहे, इथे मन लागत नाही, मन लागत नाही म्हणून पोट बिघडतं. दाजींनी मला नगरला एका डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस होता, घाईतला होता. त्यांनी शौचाची तपासणी केली, काही निघालं नाही. मग विचारलं, "काळजी फार करतेस का?" मी म्हटलं, "हो." काय खोटं सांगू? मी गॅस बंद केला का हे चार वेळा बघणारी बाई, तेव्हाही तशीच होते. स्टोव्ह चार वेळा बघायचे. "घरी गेलीस की बरं वाटतं?" "हो." ते दाजींकडे वळून म्हणाले, "आतड्यात दोष नाही. आतड्याचा स्वभाव चिडका आहे. टेन्शन आलं की ते चिडतं. आयबीएस म्हणतात. जिवाला धोका काही नाही." त्यांनी झोपताना घ्यायची एक शांत करणारी गोळी दिली, इसबगोल दिलं, आणि वर सांगितलं की चोथा पोटात जायला पाहिजे, तेव्हा चपातीच्या कणकेत गव्हाचा कोंडा मिसळा.

घरी आल्यावर दाजींनी सांगितलं आणि आत्याबाई हसल्या. "आतडं चिडकं व्हय? आनि पोरगी काय कमी चिडकी हाय?" तेव्हापासून माझं प्रत्येक दुखणं त्या एका शब्दात गुंडाळलं गेलं. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, रक्त वाढेना. कारण काय, तर पोरगी गोळ्या टाकून देत असणार. जिना चढताना धाप लागली. कारण, मनाचे खेळ. मी रडले की मनाचं असल्याचा पुरावा, आणि नाही रडले तर मनात दाबून ठेवते याचा पुरावा. शेवटी दाजी एकदा ताईला म्हणाले, ते मी आतून ऐकलं: "दिवाळीनंतर तिला गावी पोचवू. आपल्याच्यानं हे नाही व्हायचं. डोक्यात गेलं तर उद्या आपल्यावर यायचं." गावी गेले तर पोट बरं होईल, हे मलाही कळत होतं. पण गावी मी परत जाणार होते ते डोक्यानं अधू झालेली मुलगी म्हणून. शिवणकाम संपलं, लग्नाचं तर बोलायलाच नको. आणि खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं की हे सगळं मीच करते आहे, मला कळत नाहीये एवढंच.

नवरात्र आलं. आत्याबाईंचा नऊ दिवसांचा उपास असायचा. त्या म्हणाल्या, "नंदे, तूबी धर. देवीला साकडं घाल." मी धरला. नऊ दिवस साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेले बटाटे, ताक. लोक म्हणतात उपासानं अशक्तपणा येतो. मला चौथ्या दिवशी भूक लागली! सातव्या दिवशी सकाळच्या रांगेत मी एकदाच उभी राहिले. आत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "देवी पावली बगा पोरीला!" दसऱ्याला मोठ्या आनंदानं उपास सोडला. पुऱ्या, पुरणपोळ्या, माझ्या पुढ्यात आग्रहानं वाढलेल्या. दोन दिवसांनी दुकानात पट्टी शिवता शिवता मी मशिनीवर कोसळले. मालकांनी मला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे साळवे सिस्टर होत्या. मागून आत्याबाई धावत आल्या त्या हेच बोलत, "निवद दाखवायच्या आदी खाल्लं आसंल हिनं. देवीचं लई कडक आसतं."

सिस्टर उंच, काळ्यासावळ्या, आवाज खणखणीत. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली.

"ह्या पोरीत रक्त कुठंय? कोण बघतंय हिला?"

आत्याबाई म्हणाल्या, "मोठ्या डाक्टरला दावलंय. आतडं चिडकं हाय तिचं."

"चिडकं आतडं माणसाला जेरीस आणतं बाई, पण रक्त पीत नाही. वजन खातं का कुठं? पाळी बंद करतं का?" मग माझ्याकडे वळून, "मधे बरी होतीस म्हणं?"

"नवरात्रात. देवीनं—"

"देवीचं असू दे. तू खाल्लंस काय नऊ दिवस?"

मी सांगितलं. कोकणात काय खाते ते विचारलं, तेही सांगितलं. "आणि इथं?"

"चपाती."

"नगर जिल्ह्यात राहून बाजरी नाही?"

"मला बाजरी सोसत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"तू खाऊन बघितलीस?"

"बारशाच्या वेळी. तेव्हाच तर बिघडलं."

"बारशाला नुसती बाजरीच होती?"

दीड वर्षात हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता, मीही नाही. आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पुऱ्या हुत्या. खीर हुती. गव्हाचीच की."

सिस्टर पूर्वी पुण्यात मुलांच्या वॉर्डात होत्या. तिथे उत्तरेकडच्या जवानांची लेकरं यायची, हातपाय काड्या आणि पोट नगारा, आणि त्यांचा गहू बंद केला की सुधारायची. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही, नाव मी देणार नाही. पण हे दुखणं मनाचं नाही, एवढं लिहून देते." हे ऐकून मी जी रडले! आत्याबाई घाबरल्या. त्यांना वाटलं आणखीनच बिघडलं.

आठवड्याच्या रजेत सिस्टर स्वतः मला आणि दाजींना घेऊन पुण्याला गेल्या, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे. त्या डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं. आतून ते मखमलीसारखं असतं, म्हणाले, बारीक बारीक लव असते, ती अन्न शोषते. आतडं नुसतं चिडकं असेल तर दुखतं, पळवतं, पण ही लव शाबूत असते, म्हणून माणूस त्रासला तरी वाळत नाही. दुसऱ्या आजारात, त्याचं नाव सीलिअ‍ॅक, गव्हातल्या एका घटकानं शरीर स्वतःचीच ही लव झिजवतं. मखमलीचं गोणपाट होतं. मग लोह खा नाहीतर सोनं खा, आत काही जात नाही. शिंपिणीला यापेक्षा सोपं करून कोण सांगणार? खात्री करायची तर दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून बघावा लागेल. मी म्हटलं, "मी गहू कालपासूनच सोडला." ते म्हणाले, "मग पुन्हा धर. गहू सोडलेल्या माणसाचं आतडं भरून यायला लागतं. तपासणीत काही दिसलं नाही, तर पुन्हा सगळे म्हणतील मनाचं आहे. दीड-दोन महिने रोज गहू खायचा, मग ये."

आता बोला! दीड वर्ष ज्यानं जाळलं, तेच मुद्दाम खायचं. घरात पुन्हा बैठक. आता आत्याबाई उलट्या फिरल्या, "विष म्हनता आनि खा म्हनता? हे कसलं डाक्टर?" मी मान डोलावून आले खरी, पण आठ दिवसांत माझा धीर सुटला. सकाळची चपाती पदरात घेऊन मी दुकानाच्या वाटेवरच्या गायीला घालायला लागले आणि घरी सांगायला लागले, खाल्ली. मला वाटलं, कुणाला कळणार आहे? पोट जरा निवलं. सिस्टर वाटेत भेटल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरी दिसतेस." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं.

"नंदा, खरं सांग."

मी सांगितलं. रस्त्यातच त्या ओरडल्या, चार माणसं थांबली. "अगं येडे, तू चपाती नाही, तुझा पुरावा घातलास गाईला! रिपोर्ट कोरा आला तर जन्मभर तुला येडी म्हणतील. मग मी कुणाकुणाशी भांडू?" मग आवाज खाली आणून, "उद्यापासनं दुपारी दवाखान्यात यायचं. माझ्यासमोर खायचं."

आणि मी गेले, रोज. त्या स्वतः बाजरी खाणाऱ्या, पण माझ्यासाठी सकाळी उठून दोन चपात्या जास्तीच्या लाटायच्या. इंजेक्शनच्या खोलीतल्या स्टुलावर बसून मी त्या खायचे आणि त्या समोर उभ्या. कळ आली की पाठीवर हात. पुष्कळदा मी चिडायचे, एकदा तर डबा ढकलला. त्या म्हणाल्या, "शिव्या दे, पण घास गीळ." मी त्यांच्या डब्यातलं खाते हे घरी कळलं, तेव्हा आत्याबाई काही बोलल्या नाहीत. फक्त मी आले की म्हणायच्या, "आंघूळ करून घे." मला त्याचा अर्थ कळत होता. मी आंघोळ करत होते, याची मला आज लाज वाटते. साळवे सिस्टरांना हे कळलं असेल का? मी कधी विचारलं नाही. त्यांना न कळण्यासारखं त्या गावात काही नव्हतं.

दुर्बिणीच्या दिवशीचं मला फार आठवत नाही. घशातली ती नळी आणि सिस्टरांनी धरलेलं मनगट, इतकंच. रिपोर्टला पुष्कळ दिवस लागले. या दिवसांत मी देवाकडे जे मागत होते ते कुणी मागू नये: माझं आतडं खराब निघू दे. चांगलं निघालं असतं तर दिवाळीनंतर हुकलेली ती गावची गाडी माझी वाट बघतच होती. शेवटी दाजी पुण्याहून आले, दारातच चप्पल न काढता म्हणाले, "लव गेलेली आहे. झिजलेली आहे सगळी." आणि मी हसायला लागले, ताई रडायला लागली. जन्मभर गहू बंद, असं सांगितल्यावर हसणारी मी एकटीच असेन. दाजी मान खाली घालून म्हणाले, "नंदा, आमचं चुकलं." त्यांच्या तोंडून हे शब्द मी एकदाच ऐकले, पण ऐकले.

आत्याबाईंनी मात्र तोंडानं काही म्हटलं नाही. त्यांनी जुनं जातं काढून त्याला पाथरवटाकडून टाकी लावून घेतली, कारण गिरणीत गव्हाच्या दळणावर बाजरी दळली तर तेवढंही मला बाधायचं. सहा महिने माझी बाजरी त्यांनी हातानं दळली. आणि एका दुपारी मला घेऊन साळवे सिस्टरांच्या घरी गेल्या. सिस्टरांनी चहा केला. आत्याबाईंनी कप उचलला, जरा वेळ हातात धरला, आणि प्यायल्या. परत येताना म्हणाल्या, "साखर जरा कमीच हुती." त्यांना त्याहून जास्त बोलता येत नव्हतं. घरी आल्यावर त्या आंघोळीला गेल्या नाहीत, मलाही जा म्हणाल्या नाहीत.

बाजरीचं काय सांगू! तीच खाऊन वर्षात माझे गाल वर आले, पाळी सुरू झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली. आता मी इकडे गुजरातेत मुलाकडे असते. इथल्या दुकानांत गहू नसलेल्या बिस्किटांचे चकचकीत पुडे मिळतात आणि धडधाकट पोरी ते बारीक होण्यासाठी खातात. मी बघते आणि गप्प बसते. सून म्हणते, आई, सारखं काय पुटपुटता?

गेल्या महिन्यात सिस्टरांचा फोन लागला. त्या आता कोल्हारला भाच्याकडे असतात. आवाज अजून खणखणीत, पण वाक्य पुरं होईपर्यंत दोनदा थांबल्या. पाय सुजतात, चार पावलांत दम लागतो, उताणं झोपता येत नाही. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? हसल्या. "वय झालं म्हणतात. सगळेच म्हणतात." माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. वय झालं हा काय आजार आहे? कुणी पाय दाबून पाहिले का? छातीचा फोटो काढला का? की पुन्हा एकदा दारातूनच नाव देऊन मोकळे? त्या म्हणाल्या, "नंदे, तू माझ्यासारखीच बोलायला लागलीस गं." बोलणारच.

सिस्टर, मला एकटीनं प्रवासाची भीती वाटते हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी येणार आहे. कोल्हारच्या त्या दारात येऊन तुम्हाला गाडीत घालीन, चांगल्या डॉक्टरांपुढे बसवीन आणि खरं कारण सापडेपर्यंत तिथून हलणार नाही, त्यांनी मला कितीही चिडकी म्हटलं तरी. तुमचं देणं असंच कधीतरी फिटलं तर फिटेल. तोवर सांभाळून राहा.